टेबलावरचं दूधसागर : वळण खरं कसं दिसेल?

(मंडळाच्या सभागृहात देखावा समितीतर्फे सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

मंडळाचे पदाधिकारी, ज्येष्ठ सभासद, माता-भगिनींनो आणि पुढच्या सतरंजीवर बसलेल्या बालमित्रांनो,



पुढच्या वर्षीच्या देखाव्यात दूधसागरचा घाट करायचा आणि त्यातून छोटी रेल्वे धावती ठेवायची, असं मंडळानं ठरवलं आणि आराखड्याचं काम आमच्या समितीकडे दिलं. तेव्हापासून आम्हाला भेटेल तो एकच प्रश्न विचारतो, "गाडी गोल गोल फिरताना दिसणार ना?" त्याचं उत्तर द्यायला आज आम्ही उभे आहोत. गाडी फिरेल, पण गोल फिरताना दिसणार नाही. असं का, ते समजावून सांगतो. प्लाय अजून कापलेला नाही, तेव्हा ऐकून झाल्यावर आपलं मत मोकळेपणानं मांडा.

दूधसागरच का, हे बेळगावकरांना सांगायला नको. टिळकवाडीच्या रेल्वे गेटावर थांबून डबे मोजतच आपण मोठे झालो. आपल्यापैकी कितीतरी घराण्यांची कुलदैवतं गोव्यात. खानापूर, लोंढा, कॅसलरॉक, मग घाट, मग कुळे, ही नावं आपल्याला पाठ आहेत. १८८० च्या दशकात हा घाट मीटरगेजनं बांधला गेला आणि १९९० च्या दशकात तिथे ब्रॉडगेज आली. चढ सदतीसास एक, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. म्हणून वर येणाऱ्या गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लावावी लागतात.

त्या प्रवासात आपण सगळे खिडकीशी का धावतो? धबधबा पाहायला, हे खरंच. पण आणखी एक गोष्ट आहे. पुलाजवळ लाईन डोंगराच्या कुशीत वळते आणि आपल्याच गाडीचे पुढचे डबे आपल्याला धनुष्यासारखे वाकलेले दिसतात. त्या दृश्याचा अर्धा जीव त्या वळणात आहे. ते चुकलं तर कापसाचा धबधबा कितीही सुंदर केला तरी ज्येष्ठ मंडळी म्हणतील, "छान आहे हो, पण हे दूधसागर नव्हे."

आता थोडं गणित. बालमित्रांनी घाबरू नये, भागाकारापलीकडे काही नाही.

आम्ही 'एन' स्केल निवडलं आहे. त्यात खरी वस्तू १६० पट लहान होते आणि दोन रुळांमधलं अंतर ९ मिलिमीटर असतं. या स्केलच्या तयार संचात जे गोल वळणाचे रूळ मिळतात, त्यांतल्या एका नेहमीच्या वळणाची त्रिज्या सुमारे २५ सेंटीमीटर असते. तिला १६० नं गुणा. खऱ्या जगात ते ४० मीटर त्रिज्येचं वळण झालं. आपल्या ब्रॉडगेजवर दहा अंशांपेक्षा तीव्र वळण चालत नाही आणि दहा अंश म्हणजे १७५ मीटर त्रिज्या. ४० मीटरच्या आसपासची वळणं पाहायची तर कालका–शिमला मार्गावर जावं लागेल. तिथलं सर्वांत तीव्र वळण सुमारे ३७ मीटरचं आहे. पण तिथले रूळ अडीच फुटी आणि डबेही त्याच बेताचे छोटे. तयार संचाच्या वळणावर गोवा एक्स्प्रेस चालवणं म्हणजे लांबलचक डबे शिमल्याच्या रुळांवर घालणं.

मग नेमकं काय बिघडतं? आजचा नवा एलएचबी डबा साडेतेवीस मीटर लांब असतो. आपल्या स्केलमध्ये तो पावणेपंधरा सेंटीमीटर होतो. डबा सरळ, रूळ वाकडे. डब्याखाली चाकांचे दोन संच असतात. रेल्वेवाले त्यांनाच बोगी म्हणतात, आपण मात्र अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो. रुळांवर असतात ते फक्त हे दोन संच. त्यामुळे वळणावर डब्याचं पोट आतल्या बाजूला सरकतं आणि दोन्ही टोकं बाहेर येतात. २५ सेंटीमीटरच्या वळणावर पोट ४.३ मिलिमीटर आत जातं आणि टोकं साडेसहा मिलिमीटर बाहेर येतात. खऱ्या मापात डब्याचं दार रुळांच्या मध्यापासून मीटरभर बाहेर लोंबकळलं! डोळ्याला हे लगेच कळतं. आकडे माहीत नसले तरी पाहणारा म्हणतो, "खेळणं आहे."

हा छंद करणाऱ्यांचा एक साधा ठोकताळा आहे. सर्वांत लांब डब्याच्या तिप्पट त्रिज्या ठेवली तर गाडी बिनघोर चालते. पाचपट ठेवली तर ती शोभून दिसते. आपल्या डब्याला तिप्पट म्हणजे सुमारे ४५ सेंटीमीटर आणि पाचपट म्हणजे सुमारे ७४ सेंटीमीटर. आणि खरं १७५ मीटरचं वळण जसंच्या तसं १६० पट लहान केलं तर येतात ११० सेंटीमीटर.

इथे सगळे विचारतात, "एवढी जागा आहे कुठे?" ११० सेंटीमीटर त्रिज्येचा गोल म्हणजे सव्वासात फूट व्यास. प्लायची रुंदी चार फूट. प्रश्न संपला, असं वाटतं.

पण अख्खा गोल हवा कोणाला आहे? दूधसागरला तरी गाडी कुठे गोल फिरते? ती डोंगराच्या कुशीत शिरते आणि बाहेर पडते. आम्ही ११० सेंटीमीटरच्या वळणाचा फक्त सत्तर अंशांचा तुकडा कागदावर काढला. त्याची रुंदी भरली सव्वा मीटर आणि खोली अवघी वीस सेंटीमीटर. म्हणजे खरंखुरं, मापातलं वळण एका हाताच्या खोलीत मावतं. आणि त्या तुकड्याची लांबी इतकी की नऊ डबे एकाच वेळी त्यावर वाकलेले दिसतील. जागा खातो तो पूर्ण गोलाचा हट्ट.

म्हणून आमचा आराखडा असा आहे. टेबल बारा फूट लांब, चार फूट रुंद, म्हणजे दीड प्लाय. समोरच्या बाजूला मधोमध धबधबा, पूल आणि हे मोठं वळण. दोन्ही टोकांना डोंगर आणि बोगदे. गाडी बोगद्यात शिरली की आत ४५ सेंटीमीटरच्या वळणानं फिरून मागच्या सरळ रुळावर येईल आणि दुसऱ्या डोंगरातून पुन्हा बाहेर पडेल. तीव्र वळण आहे, पण ते डोंगराच्या पोटात. तिथे डबे कितीही लोंबकळले तरी कोणाला दिसणार नाहीत. एक पथ्य मात्र पाळायचं, त्या आतल्या वळणांवर चढ ठेवायचा नाही. तीव्र वळण आधीच गाडीला मागे ओढतं, त्यात चढाची भर नको. चढ समोर, दोन मीटरला साडेपाच सेंटीमीटर, म्हणजे घाटाचाच सदतीसास एक.

प्रेक्षक उभे राहतील दरीच्या बाजूला, म्हणजे वळणाच्या आतल्या अंगाला. हेही मुद्दाम. बाहेरून पाहिलं तर डब्यांमधल्या फटी फाकलेल्या दिसतात, आतून पाहिलं तर मिटलेल्या. तेच वळण आतून जास्त ऐसपैस वाटतं.

आणखी तीन बारकावे सांगतो, कारण काम तुमच्याच मुलांच्या हातून होणार आहे.

पहिला, सरळ रुळातून वळण एकदम सुरू करू नये. खरी गाडी वळणात हळूहळू शिरते. त्यासाठी मोठ्या वळणाच्या दोन्ही टोकांना तीस सेंटीमीटरचा मधला भाग ठेवायचा आणि मूळ वळण सरळ रेषेपासून साडेतीन मिलिमीटर आत सरकवायचं. फरक एवढासाच, पण गाडीचा झटका जातो. आखायला लाकडाची लवचीक पट्टी घ्या, एक टोक सरळ रेषेवर खिळ्यांनी पक्कं करा, दुसरं वळणावर टेकवा. मध्ये पट्टी स्वतःहून जो बाक घेईल, तोच आपल्याला हवा.

दुसरा, डावं वळण संपलं की लगेच उजवं नको. मध्ये निदान एका डब्याएवढा, पंधरा सेंटीमीटरचा, सरळ रूळ हवा. नाहीतर शेजारचे दोन डबे विरुद्ध दिशांना ओढतात आणि गाडी घसरते.

तिसरा, वळणावर बाहेरचा रूळ किंचित उंच असतो. आपल्या मापात ते मिलिमीटरपेक्षाही कमी भरतं, स्लीपरच्या बाहेरच्या टोकाखाली पातळ पुठ्ठ्याची पट्टी सरकवली की झालं. गाडी आत झुकते आणि घाट जिवंत होतो.

वळण बरोबर आलं का, हे मुलांनीच तपासायचं. खऱ्या लाईनवर रेल्वेची माणसं वीस मीटरची दोरी रुळाला आतून लावतात आणि दोरीच्या मध्यावर रूळ किती दूर आहे ते मोजतात. आपण वीस सेंटीमीटरची पट्टी घ्यायची आणि तिची दोन्ही टोकं बाहेरच्या रुळाला आतून टेकवायची. मध्ये साडेचार मिलिमीटर फट दिसली, तर वळण ११० चं. तयार संचाच्या रुळावर तीच फट वीस मिलिमीटर भरते. ज्याला मोजता येईल, त्याच्या हाती रूळ द्यायचे.

आता राहिला मूळ आक्षेप, की गाडी बोगद्यात गेली की मुलं कंटाळतील. ताशी तीस किलोमीटर वेगाचं प्रमाण धरलं तर इंजिनाला या बोगद्यातून त्या बोगद्यात जायला चाळीस सेकंद लागतात. मागे आम्ही दुसरा समांतर रूळ ठेवला आहे. एक गाडी आत गेली की तिथे थांबेल आणि दुसरी सुटेल. मध्ये क्षणभर नुसता धबधबा. आणि गाडी येण्याची वाट पाहणं काय असतं, हे रेल्वे गेटावर उभ्या राहिलेल्या बेळगावकराला कोणी शिकवायचं? बोगद्याच्या काळोखाकडे डोळे लावून बसलेलं पोर जितकं रमतं, तितकं तेच ते चक्कर पाहून रमत नाही, असं आमचं मत आहे.

यासाठी मंडळाकडे दोन मागण्या आहेत. डाव्या भिंतीलगतची खुर्च्यांची एक रांग या वर्षी सोडावी. टेबलामागे माणूस उभा राहील एवढी जागाही लागेल, कारण बोगद्यात अडकलेली गाडी हातानं काढता आली पाहिजे. आणि दुसरी मागणी ज्येष्ठांकडे. मीटरगेजच्या काळात घाटातून गेलेली मंडळी अजून आपल्यात आहेत. घरच्या जुन्या अल्बममध्ये त्या प्रवासाचा एखादा फोटो असेल तर दाखवायला आणा. शनिवारी संध्याकाळी मुलं पुठ्ठा कापायला बसतील, तेव्हा शेजारी बसून पूल कसा दिसायचा, थंडी कुठे सुरू व्हायची, ते सांगा. वळणाचं माप गणितानं मिळतं, बाकीचं तुमच्याकडूनच मिळणार आहे.

आराखडा बाहेर फळ्यावर लावला आहे. पाहा, मोजा, हरकती घ्या. प्लाय त्यानंतरच कापू.

गणपती बाप्पा मोरया!