आपोआप ओसरणारी गाठ
(महोत्सवांतील रुग्णदिनीं केलेलें भाषण)



महोत्सवाचा आजचा दिवस आपण रुग्णांस वाहिला आहे. ज्यांच्या घरांत कर्करोग शिरला आहे, ते आम्हांस वारंवार एकच प्रश्न विचारतात : "फादर, गाठ आपोआप नाहींशी होते म्हणतात, तें खरें काय?"

खरें आहे. इटलींतील फोर्ली नगरचे संत पेरेग्रीन यांच्या पायास भयंकर व्रण झाला होता. दुसऱ्या दिवशीं पाय कापावयाचा होता. त्या रात्रीं ते क्रूसासमोर प्रार्थना करीत राहिले आणि सकाळीं वैद्यास व्रण दिसला नाहीं, असें परंपरा सांगते. १७२६ सालीं त्यांस संतपद मिळालें. कर्करोग्यांचे ते आश्रयदाते होत.

वैद्यांच्या दप्तरींही अशा नोंदी आहेत. न्यूयॉर्कचे शस्त्रवैद्य विल्यम कोली यांस जुन्या कागदांत एक रोगी आढळला. त्याच्या मानेवरील गाठ शस्त्रक्रियेनंतरही पुन्हां वाढली होती. पुढें त्यास धांवरें झालें, ज्वर चढला आणि गाठ विरून गेली. कोलींनीं त्यास शोधून काढलें, तों तो धडधाकट! त्यावरून १८९१ सालीं त्यांनीं रोग्यांस मुद्दाम जंतू टोचण्यास आरंभ केला. शरीराची संरक्षक शक्ति जागी झाली म्हणजे ती गाठीवर उलटूं शकते, हें आतां कळलें आहे. या शक्तीचा लगाम सैल करण्याची वाट दाखविणारे ॲलिसन व होंजो यांस २०१८ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

परंतु आपोआप ओसरणें किती विरळ! एव्हरसन व कोल या शस्त्रवैद्यांनीं जगभरचें वैद्यकीय वाङ्मय धुंडाळून १९६६ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत अवघीं १७६ उदाहरणें ग्राह्य ठरलीं. शिवाय ओसरणें म्हणजे कायमचें बरें होणें नव्हे.

म्हणूनच ख्रिस्तसभा घाई करीत नाहीं. रोग आपोआप ओसरण्याच्या बेतांत नसावा, गुण औषधाचा नसावा, आरोग्य तत्काळ, पूर्ण व टिकाऊ असावें, असे तिचे नियम आहेत. लूर्द येथें १९६३ सालीं एका इटालियन सैनिकाच्या कमरेच्या हाडांतील गाठ बरी झाली. तो चमत्कार म्हणून १९७६ सालीं मान्य झाला. तेरा वर्षें!

तरुणपणीं आमच्या हातून मात्र चूक घडली. एका माउलीस गाठ लहान झाल्यासारखी वाटली. तिनें इस्पितळ सोडलें. आम्हांस कळलें, तरी तिच्या आनंदावर विरजण नको म्हणून आम्ही गप्प राहिलों. आठ महिन्यांनीं तिच्या कबरीपाशीं तिच्या मुलानें विचारलें, "फादर, आईची श्रद्धा कमी पडली का?"

नाहीं, बंधुभगिनींनो. तिची श्रद्धा उणी नव्हती. आमचें धैर्य उणें होतें.

संत पेरेग्रीन यांनीं रात्रभर प्रार्थना केली. पण सकाळीं वैद्य आला, तेव्हां पाय त्याच्यापुढें केला. आपणही तसेंच करावें. गाठ ओसरली, तर देवाचे उपकार माना आणि ती वैद्यास दाखवा. आणि जिची ओसरली नाहीं, तिच्या उशाशीं बसून तिच्या श्रद्धेचें माप काढूं नका. क्रूसावरील प्रभूचें दुःखही ओसरलें नव्हतें. म्हणून पिता त्याजवर कमी प्रीति करीत होता काय?

प्रभु आपल्या सर्व रुग्णांस बळ देवो.