सायकलची मूठ
(विश्रामबाग येथील साक्षरता वर्गापुढे दिलेले भाषण)

मंडळी, आज आम्ही सायकलच्या मुठीविषयी बोलणार आहोत. हसू नका. मूठ म्हणजे वीतभर रबर, त्यात बोलायचे ते काय, असे आम्हालाही पूर्वी वाटत होते.

गेल्या पावसाळ्यात आम्ही मिरजेहून घरी येत होतो. सांगली-मिरज रस्त्यावर गर्दी किती, हे तुम्ही जाणता. विश्रामबागेजवळ एक रिक्षा आडवी आली. आम्ही हँडल वळवले. हँडल जागेवरच राहिले आणि उजवी मूठ मात्र हातात आली! मूठ घट्ट धरलेली, पण सायकल सुटलेली, अशा थाटात आम्ही रस्त्यावर पडलो. मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते.

चूक आमचीच. मूठ महिनाभर ढिली होती. आम्ही आत कागदाची घडी कोंबून वेळ मारून नेत होतो. पावसाचे पाणी आत शिरले, कागदाचा लगदा झाला, रबर निसटले. छत्तीस वर्षे मुलांना 'आजचे काम आजच करा' असे आम्ही सांगितले होते, ते आम्हालाच लागू पडले नाही.

नवी रबरी मूठ बाजारात मिळते, आणि घट्ट बसणारी मिळाली तर जरूर घ्यावी. परंतु जुन्या सायकलची नळी गंजून झिजलेली असते. तिच्यावर नवी मूठही फिरते. तिथे दोरी कामाला येते. हा शोध आमचा नव्हे. आसुडाच्या दांडीला दोरा गुंडाळतात. क्रिकेटच्या बॅटच्या दांड्यालाही गुंडाळतात. परदेशात शर्यतीच्या सायकलींच्या हँडलला पूर्वी सुती पट्टीच गुंडाळत असत.

दोरी कोणती घ्यावी? आम्ही आधी सुतळीने करून पाहिले. सांगली हळदीची पेठ. पोत्यांची सुतळी घरोघर पडलेली असते, फुकट मिळते. पण सुतळी हाताला टोचते आणि सतत भिजली की कुजते. मग नायलॉनची दोरी आणली. ती दिसायला छान, पण घामाने निसरडी होते आणि तिचा पीळ जागेवर बसत नाही. चार दिवसांत ढिली झाली. शेवटी साधी सुती दोरी घेतली, तीन मिलिमीटर जाडीची. ती घाम टिपते आणि हाताला मऊ लागते.

आता थोडे गणित. मुठीची जागा बारा सेंटिमीटर, म्हणजे 120 मिलिमीटर. दोरी 3 मिलिमीटर जाड. तेव्हा वेढे बसतील 40. एका वेढ्याला सुमारे 9 सेंटिमीटर दोरी लागते. चाळीस नव्वे तीनशे साठ. सुरुवातीला आणि शेवटाला धरून एका मुठीस चार मीटर घ्यावी, दोन्हींस आठ. दुकानदाराने दहा मीटर घ्या म्हटले तर आता तुम्ही त्याला हिशेब सांगू शकाल.

आधी जुने रबर कापून काढा. नळीचा गंज काचपेपरने घासा, साबणाच्या पाण्याने पुसा, कोरडी करा. तेलाचा हात लागू देऊ नका. मग जुन्या ट्यूबची पट्टी ताणून नळीवर एकेरी गुंडाळा. हे रबर नळीला पकडते आणि दोरी रबराला पकडते. पट्टी नसली तर सगळी दोरीच नळीवर फिरेल, आणि ढिली दोरी ढिल्या मुठीइतकीच वाईट.

दोरीचे टोक चार बोटे नळीच्या लांबीत ठेवा आणि बाहेरच्या बाजूने आत वेढे देत या. ते टोक वेढ्यांखाली दडेल. दुसऱ्या कोणाला तरी गुंडा ताणून धरायला सांगा. आमच्या घरी हे काम सौभाग्यवतींनी केले, आणि 'ओढा अजून' असे आम्हालाच बजावले. प्रत्येक वेढा नखाने आधीच्या वेढ्याला भिडवा.

शेवटचे दहा वेढे उरले की मजबूत दोऱ्याचा एक फास नळीवर आडवा ठेवा. फासाचा वाकलेला भाग पुढे, मोकळ्या नळीकडे असावा. दोऱ्याची दोन्ही टोके मागे, झालेल्या वेढ्यांवर येऊ द्या. फासावरून दहा वेढे द्या. दोरीचे टोक फासात घाला आणि मागची टोके ओढा. दोरीचे टोक वेढ्यांखाली ओढले जाईल. उरलेले कापून टाका. गाठ कुठेच नाही. गाठ असली की तळहाताला फोड येतो.

सुताराकडे पॉलिशसाठी चपडा स्पिरिटमध्ये विरघळवलेला असतो. त्याचे दोन पातळ हात दोरीवर द्या. चपडा म्हणजे लाख, पळसावरच्या किड्यांची. तिने दोरी बसते आणि पाणी कमी पिते. स्पिरिट भडकते, म्हणून चुलीजवळ नको, विडी नको.

दोन गोष्टी मात्र विसरू नका. दांड्याचा ब्रेक असेल तर तो मुठीखालीच असतो. दोरी त्याला लागता कामा नये. बोटे सहज आत गेली पाहिजेत. आणि नळीचे उघडे तोंड बुचाने घट्ट बंद करा. मूल सायकलवरून पडते तेव्हा हँडल फिरते आणि उघडी नळी पोटात घुसते. बाहेर नुसता गोल वळ दिसतो, पण आत यकृताला किंवा प्लीहेला इजा झालेली असू शकते. पोट दुखले, उलटी झाली, मूल मलूल दिसले, तर हळद लावून बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

परवा एक दूधवाले आमची सायकल पाहून म्हणाले, "गुरुजी, ही बैलगाडीवानी दिसतीय की वो!"

आम्ही म्हटले, "अहो, दिसू दे. धरून तर बघा."

त्यांनी धरली, पिळून पाहिली, ओढून पाहिली. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी कॅन रिकामे करून आमच्या दारात सायकल लावली.

आम्ही आज आठ मीटर दोरी आणि जुनी ट्यूब बरोबर आणली आहे. बाहेर कोणाची सायकल उभी आहे? तिच्या मुठी पिळून पाहा. जी फिरते ती आत घेऊन या.