सुट्टीच्या बॅगेतला एक कागद



मे महिना उजाडला की रुवीपासून सलालापर्यंत आपल्या घराघरांत एकच लगबग असते. तिकिटं, बॅगा, कुणाला खजूर, कुणाला लोबान. त्या यादीत आज एका कागदाची भर घाला. ज्यांच्या मुलाच्या डायरीत ‘वर्गात लक्ष नसते’ हा शेरा पुन्हा पुन्हा येतो, त्यांच्यासाठी मी हे सांगतेय.

असा शेरा आला की घरात काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. बाबा फहूदला किंवा मरमूलला साइटवर, आई एकटीच ओपन हाऊसला. शाळा म्हणते, घरी लक्ष द्या. आई म्हणते, घरी तर दोन-दोन तास लेगो खेळत बसतो, शाळेतच काहीतरी बिनसतंय. दोघीही खरं सांगत असतात, पण प्रत्येकीला मुलाचं अर्धंच चित्र दिसतं. आवडीच्या गोष्टीत रमणाऱ्या मुलालासुद्धा कंटाळवाण्या कामावर लक्ष टिकवणं खरोखरच जड जाऊ शकतं.

आधी साध्या गोष्टी बघा. डोळे तपासा, कान तपासा. झोप मोजा. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते. पहाटे साडेपाचला बससाठी उठणारं मूल रात्री अकराला झोपत असेल, तर ते वर्गात पेंगणारच.

हे सगळं ठीक असूनही त्रास तसाच राहिला, तर एडीएचडी आहे का हे तज्ज्ञांकडून तपासून घ्यावं. जगभरातल्या अभ्यासांचा अंदाज शंभरात साधारण पाच मुलांचा आहे, म्हणजे चाळीसच्या वर्गात दोघं. त्यातलं एक कदाचित खिडकीजवळ गप्प बसणारी मुलगी असेल. ती कुणाला त्रास देत नाही, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

आता त्या कागदाबद्दल. एडीएचडी ठरवताना डॉक्टर बघतात की लक्षणं निदान सहा महिने आहेत का, बाराव्या वर्षाच्या आत दिसू लागली का, आणि मुख्य म्हणजे ती एकाहून जास्त ठिकाणी, उदाहरणार्थ घरी आणि शाळेतही, दिसतात का. म्हणूनच त्यांच्या प्रश्नावल्यांमध्ये पालकांचा फॉर्म वेगळा आणि शिक्षकांचा वेगळा असतो. आपल्यातले बरेच जण ही तपासणी सुट्टीत पुण्या-मुंबईला करतात. तिथे डॉक्टर विचारतात, “शाळेचं म्हणणं काय?” आणि जुलैमध्ये इथली शाळा बंद! मग पुढची तारीख थेट पुढच्या वर्षीच्या सुट्टीत. मुलाचं अख्खं वर्ष ‘मीच ढ आहे’ असं समजण्यात जातं.

तेव्हा शाळा बंद होण्याआधी क्लास टीचरना भेटा. डॉक्टरांकडून शिक्षकांचा फॉर्म आधीच ई-मेलवर मागवून घ्या. तो मिळाला नाही, तर टीचरना एक पानभर लिहून द्यायला सांगा: कोणत्या तासाला लक्ष उडतं, काम किती वेळ टिकतं, काय केल्यावर मूल परत कामाला लागतं. टीचर एप्रिलपासून नव्या असतील, तर गेल्या वर्षीच्या टीचरनाही विचारा.

आणि ऑगस्टमध्ये परत आल्यावर रिपोर्ट कपाटात लपवू नका. “शिक्का बसेल” ही भीती मी समजू शकते. पण ज्या टीचरना कारण माहीत नाही, त्या मुलाला आळशीच समजणार. सीबीएसईच्या शाळेत समुपदेशक आणि विशेष शिक्षक असणं अपेक्षित आहे. त्यांना भेटा.

मग एक छोटं कार्ड सुरू करा. त्यावर तीनच ओळी: सांगितलेलं काम सुरू केलं, वही पूर्ण केली, हात वर करून बोललो. टीचर रोज फक्त खूण करतील, त्याला मिनिटभर पुरतं. घरी त्या खुणा बघून शाबासकी द्यायची आणि गुरुवारी संध्याकाळी आठवड्याची बेरीज. पहिल्या आठवड्यात निम्म्या खुणा मिळाल्या तरी कॉर्निशवर चक्कर ठरलेली. न मिळालेल्या खुणांवरून रागवायचं नाही. साइटवरच्या बाबांना रोज त्या कार्डाचा फोटो पाठवा. फोनवर ‘अभ्यास केलास का?’ याऐवजी ते विचारतील, “आज वही पूर्ण झाली म्हणे!”

टीचरना माझी एकच विनंती: मुलाला पुढच्या बाकावर बसवा, सूचना एका वेळी एकच द्या, आणि पालकांना फोन फक्त तक्रारीसाठी करू नका.

तर श्रोतेहो, खजुरांच्या डब्याशेजारी तो कागद ठेवायला विसरू नका. सुट्टी आनंदात जावो. नमस्कार!