भाव कुणीही करावा, शब्द कुणाचा?

हाळी-हंडरगुळीच्या किंवा माळेगावच्या जनावरांच्या बाजारात रुमालाखालचा सौदा तुम्ही पाहिला असेल. दलाल आणि व्यापारी बोटांनी बोलतात. मालक बैलाच्या पाठीवर हात ठेवून बाजूला उभा असतो. भाव दुसरा करतो, पण कासरा सोडायचा की नाही, हे मालकच ठरवतो.

माझा भाचा उमरीत जमिनीच्या इसाराचा धंदा करतो. शेतकऱ्याला इसार द्यायचा, तीन-चार महिन्यांची मुदत घ्यायची, मुदतीच्या आत नांदेडचं गिऱ्हाईक गाठून थेट त्याच्या नावानं खरेदीखत करून द्यायचं. मधला फरक ही त्याची कमाई. काम वाढलं तसा तो म्हणाला, "मामू, आता बोलणीला पोरं ठेवतो. मी एकटा कुठं कुठं पुरू?" मी म्हणालो, "ठेव की." कवीच्या सल्ल्याला पैसे थोडेच पडतात!

एका पोरानं आमच्या गल्लीतल्या एका मावशींची सव्वा एकर जमीन ठरवली. खरेदीखताचा दिवस जवळ आला आणि मावशी माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. "भाई, तूर काढून मग ताबा द्या, असं त्या पोरानं म्हणलं व्हतं. आता घेणारा म्हणतोय, ताबा लगेच पायजे." इसारपावतीत तुरीचा उल्लेख नव्हता. भाचा म्हणाला, "मी तसं बोललोच नाही." पोरगा म्हणाला, "मी बोललो, नाहीतर मावशी तयार होत नव्हत्या." दोघंही खरंच बोलत होते. घोटाळा तिथंच होता.

कायदा काय म्हणतो ते पाहिलं. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 54 प्रमाणे, नुसत्या विक्रीच्या करारानं जमिनीत हक्क निर्माण होत नाही. म्हणजे भाच्याकडे जमीन नव्हतीच, होता तो फक्त करार. आणि 1872 च्या करार कायद्याचं कलम 237 सांगतं, की आपल्या माणसाला तो अधिकार आहे असं समोरच्याला वाटावं, असं मालक वागला असेल, तर त्या माणसाच्या शब्दानं मालक बांधला जातो. पोराला मावशींच्या दारात पाठवलं होतं भाच्यानंच.

मी त्याला एवढंच म्हणालो, "बेटा, आपल्या निकाहात मुलीची मर्जी विचारायला वकील जातो, सोबत दोन गवाह असतात. पण 'कबूल' मुलीलाच म्हणावं लागतं."

तो रात्रभर गप्प होता. सकाळी नांदेडला गेला, आपल्या नफ्यातून घेणाऱ्याला रक्कम सोडली आणि ताबा तुरीच्या राशीनंतर ठरवून आला. त्या सौद्यात त्याच्या हाती फारसं काही उरलं नाही.

पोरं मात्र त्यानं काढली नाहीत, आणि ते बरंच केलं. सातबारा, फेरफार, बोजा, वहिवाटीचा रस्ता ती पाहतात. पहिला भावही तीच विचारतात. "मालकाला विचारून सांगतो," असं म्हणण्याची त्यांना सोय असते; त्यानं घाईचा सौदा टळतो. पण शेवटच्या बैठकीला भाचा स्वतः जातो. "आमच्या पोरानं काय काय कबूल केलंय?" असं विचारतो, ते पावतीवर लिहितो, मोठ्यानं वाचून दाखवतो आणि मग सही घेतो.

श्रोतेहो, पाय दुसऱ्याचे वापरता येतात, तोंडही वापरता येतं. दिलेला शब्द मात्र शेवटी आपल्याच दारात येऊन बसतो. त्या दिवशी मावशी बसल्या होत्या, तसा.