पहिला नांगर विकेपर्यंत



आपल्या व्याख्यानमालेत संतसाहित्य होतं, नाट्यसंगीत होतं, इतिहास तर दरवर्षी असतोच. यंदा धंद्यावर बोलायचं ठरलं आणि बोलवायचं कोणाला, तर एका होमिओपॅथीच्या डॉक्टरला! मी सेक्रेटरींना म्हटलं, अहो, उद्यमबागेतला एखादा कारखानदार बोलवा. ते म्हणाले, ‘कारखानदार इथे येऊन नफा सांगतात. तोटा तुमच्या दवाखान्यात सांगतात.’ यावर मला काही बोलता आलं नाही.

आणखी एक गैरसमज आधीच दूर करतो. मी जैन. त्यामुळे ‘डॉक्टर, तुमच्या तर रक्तातच धंदा’ हे वाक्य मी गेली चाळीस वर्षं ऐकतो आहे. आपल्या बेळगाव, कोल्हापूर, सांगली भागातले बहुसंख्य जैन हे शेतकरी आहेत. माझे आजोबा बैल आणि पाऊस यांच्यापलीकडे कशाचा हिशेब करत नव्हते. रक्तात धंदा असतो हे मला वैद्यकीयदृष्ट्याही पटत नाही. धंदा शिकावा लागतो, आणि तो शिकायला आपल्या गावाइतकी चांगली शाळा क्वचितच असेल. त्या शाळेचा पहिला धडा आपणच विसरलो आहोत.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्करही त्याच गावचे. एका लहानशा गावाने मराठी रंगभूमीला एक आणि मराठी उद्योगाला एक असा माणूस दिला, पण आपण उत्सव बहुतेक पहिल्याचाच करतो. लक्ष्मणराव चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले. रंग ओळखण्यात दोष निघाला, म्हणून रंग सोडून ते यांत्रिक आरेखनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. म्हणजे तुमच्या आमच्या घरांत ज्याला ‘चिरंजीव मार्गी लागले’ म्हणतात, तसे ते मार्गी लागले होते.

आता इकडे लक्ष द्या. १८८८ साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंचं सायकलचं दुकान निघालं, तेव्हा लक्ष्मणरावांनी नोकरी सोडलेली नव्हती. ते मुंबईहून सायकली घेऊन पाठवत, आणि बंधू रामूअण्णा त्या इथे विकत. नुसत्या विकत नसत, बसायलाही शिकवत. हे शिकवणं मला दुकानापेक्षा महत्त्वाचं वाटतं. ज्या गावात कोणाला सायकल चालवता येत नाही, त्या गावात सायकलीला गिऱ्हाईक नसतं, ते तयार करावं लागतं. पुढे बढतीच्या वेळी लक्ष्मणरावांना डावलून दुसऱ्याला वर घेतलं गेलं, तेव्हा ते नोकरी सोडून बेळगावला आले. पण आले ते चालू दुकानात आले, मोकळ्या हातांनी नव्हे. ‘राजीनामा फेकला आणि उडी घेतली’ अशी भाषणं हल्ली फार ऐकू येतात. आपल्या गावचा मूळपुरुष पाय पाण्यात घालून, खोली बघून उतरला होता.

सायकलीनंतर कडबा कापायचं यंत्र आलं आणि त्यानंतर लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीला विष चढतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली असं सांगतात. आपण ही गोष्ट शेतकऱ्याच्या अडाणीपणाची म्हणून सांगतो आणि हसतो. मला ते मान्य नाही, कारण मी शेतकऱ्याचा नातू आहे. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यात तो दुरुस्त करून देत असे. लोखंडी नांगर ऐन पेरणीच्या तोंडावर मोडला, तर तो घेऊन जायचं कुठे? हा प्रश्न त्याच्या मनात नसेल असं मला वाटत नाही. माणूस मनातली खरी भीती क्वचितच सरळ सांगतो. रोगीही सांगत नाही. ‘औषध गरम पडेल’ म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याला फी किती हे विचारायचं असतं. नवा धंदा काढणाऱ्याने गिऱ्हाईकाच्या नकारावर वाद घालू नये, त्याच्या मागची अडचण शोधावी. आमच्या शास्त्रात याला केस घेणं म्हणतात. एका पुड्याच्या औषधासाठी आम्ही तासभर प्रश्न विचारतो, तर दहा लाखांचं मशीन घेण्याआधी दहा गिऱ्हाइकांना तरी विचारायला काय हरकत आहे?

दोन वर्षं माल पडून राहिला तरी कारखाना टिकला. कारण उघड आहे. चूल नांगरावर अवलंबून नव्हती, दुसरा माल विकत होता. पुढे गावाच्या वाढीसाठी कारखान्याची जागा सोडायची वेळ आली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळ निवडुंगाने आणि सापांनी भरलेल्या ३२ एकर माळावर किर्लोस्करवाडी वसली. बेळगावने काय घालवलं, यावर मी बोलत नाही. तो विषय निघाला की इथली सभा रात्री बारापर्यंत चालेल.

एक गोष्ट मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. किर्लोस्करांचा हा नांगर खेडोपाडी फिरून विकणाऱ्यांत कुंभोजला जन्मलेला एक जैन तरुण होता. त्याचं नाव भाऊराव पायगोंडा पाटील. तेच पुढे कर्मवीर झाले, १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणारे. संस्थेचा पसारा त्यांनी ज्या चिकाटीने आणि हिशेबाने उभा केला, त्यात त्या फिरस्तीचा वाटा असणार असं मला वाटतं. दारोदार जाऊन नकार ऐकणं हेही शिक्षणच आहे. वालचंद हिराचंदांच्या जहाजाची आणि विमानांची गोष्ट मी मुद्दामच सांगत नाही. ती फार मोठी आहे, आणि मोठ्या गोष्टी ऐकून मुलाला जुना लेथ घ्यायचा धीर येत नाही.

आता दवाखान्याकडे येतो. माझ्याकडे बत्तीस-पस्तीस वयाचा एक मुलगा येत असे. तक्रार ॲसिडिटीची. पहाटे तीनला जाग येते, मग झोप नाही. विचारता विचारता कळलं की महिन्याच्या दहा तारखेच्या आधी चार दिवस त्रास जास्त होतो. दहाला मशीनचा हप्ता. मशीन शॉप चांगलं चाललं होतं, हातात काम होतं, माणसं होती. मग अडचण काय? त्याने सांगितलेले आकडे मी सोपे करून सांगतो, तुम्हीही कागदावर मांडून बघा.

समजा महिन्याला दोन लाखांचं काम होतं आणि पगार, वीज, भाडं, टूल, हप्ता धरून खर्च एक लाख साठ हजार. म्हणजे चाळीस हजार नफा. छान. पण मोठी पार्टी बिल झाल्यावर ९० दिवसांनी पैसे देते. पहिल्या महिन्याचं बिल महिनाअखेर झालं, तर त्याचे पैसे चौथ्या महिन्याच्या शेवटी. तोवर चार महिन्यांचा खर्च सहा लाख चाळीस हजार, आणि हातात एक रुपया नाही. वहीत मात्र त्याच चार महिन्यांचा नफा एक लाख साठ हजार. अशा वेळी पार्टी खूश होऊन काम दुप्पट देते. घरी पेढे वाटले जातात आणि खड्डा जवळजवळ दुप्पट होतो. धंदा काम नसल्याने बुडतो हे सगळ्यांना समजतं. काम वाढल्याने बुडतो, हे समजायला वेळ लागतो.

या मुलाने तो खड्डा सोसायटीचं कर्ज, मेहुण्याचे हातउसने आणि शेवटी बायकोच्या पाटल्या यांनी भरला होता. पाटल्या गहाण आहेत हे बायकोला माहीत नव्हतं. पाटल्या पॉलिशला दिल्यात, असं त्याने तिला सांगितलं होतं. मी त्याला म्हटलं, औषध देतो, पण आज रात्री घरी सगळं सांग. कर्जावर साबुदाण्याच्या गोळ्या चालत नाहीत.

त्याने सांगितलं. दोन दिवस घरात अबोला होता. ती मुलगी बी.कॉम. झालेली, लग्नानंतर वही हातात घेतलेली नव्हती. तिने एका रविवारी सगळी बिलं तारखेप्रमाणे लावली. मोठ्या पार्टीचं वाढीव काम नाकारलं, पंधरा दिवसांत पैसे देणाऱ्या दोन लहान पार्ट्या धरल्या, आणि येणी वसूल करायचे फोन स्वतः सुरू केले. तिला फोनवर टाळणं कठीण जात असे. पाटल्या सुटायला दीड वर्ष लागलं. मुलाला झोप येऊ लागली. ती माझ्या औषधाने आली की तिच्या वहीने, यावर मी मत देत नाही.

कायदा लहान उद्योजकाच्या बाजूने आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु उद्योगांच्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे त्याचं बिल थकवता येत नाही. उशीर झाला तर व्याज लागतं. पण उद्यम नोंदणी आपण करून ठेवत नाही, आणि केली तरी पार्टी तुटेल म्हणून तक्रार करत नाही. नोंदणीला एक रुपयाही लागत नाही. निदान ती करून बिलावर नंबर छापा. छापलेल्या नंबराचाही थोडा धाक असतो.

दुसरं, मराठी मंडळाच्या व्यासपीठावरून सांगतो, रागावू नका. तुमच्या मुलाला धंदा इथे करायचा असेल, तर त्याला कन्नड नुसतं बोलता नव्हे, लिहिता-वाचता आलं पाहिजे. कचेरीतल्या नोटिशीचा अर्थ शिपायाला विचारणारा उद्योजक तिथेच अर्धा हरतो. मराठीवरचं प्रेम आपण इथे येऊन, पुस्तकं विकत घेऊन दाखवू. गुर्लहोसूरच्या माणसांना दोन्ही भाषांत वावरण्याची अडचण वाटली नसावी.

आणि पालकहो, आता तुमच्याशी. मुलगी दाखवायच्या बैठकीत ‘पुण्यात कंपनीत आहे’ म्हटलं की बशी पुढे सरकते. ‘स्वतःचं वर्कशॉप आहे’ म्हटलं की विचारतात, ‘बरोबर आणखी काही?’ मी अशा बैठकांना बसलो आहे. मग आपणच म्हणतो, मुलं गाव सोडून जातात, वाडे बंद पडतात, मंडळाला तरुण सभासद मिळत नाहीत. मुलगा धंदा करतो म्हणाला तर त्याला लगेच होही म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका. घर तारण ठेवायचा विषय काढेल, तर त्याला विचारा, पहिलं बिल कोणाच्या नावे फाडलंस? ते दाखव. पैसे किती दिवसांनी आले? नोकरी चालू ठेवून सहा महिने शनिवार-रविवारी हेच काम करता येईल का? ही तीन उत्तरं त्याच्याकडे असली, तर निम्मे पैसे तुम्ही घाला आणि निम्मे त्याला बँकेतून आणू द्या. बँकेचे प्रश्न बापाच्या प्रश्नांपेक्षा जास्त कोरडे असतात, म्हणून ते उपयोगी. सरकारी हमीवर तारणाशिवाय कर्ज देणारी योजना २००० सालापासून आहे. शाखेत ती नाही म्हणाले तर दुसऱ्या शाखेत जा. एका बँकेच्या शाखेत माझ्या पुतण्याला तीन वेळा ‘अशी स्कीमच नाही’ असं सांगितलं गेलं. चौथ्यांदा शेजारच्या रस्त्यावरच्या बँकेत ती निघाली.

माझी वेळ संपली. प्रश्नांना वीस मिनिटं ठेवली आहेत, चिठ्ठ्या पुढे पाठवा. नाव घातलं नाही तरी चालेल, आकडे मात्र खरे घाला.