मनगट वर, बोटं मिटलेली

कुणी नारळाच्या झाडावरून पडतं, कुणाची मोटारसायकल घसरते, कुणी पाणी कमी असलेल्या विहिरीत सूर मारतं. मान मोडते, मज्जारज्जूला इजा होते आणि पायांबरोबर हातही लुळे पडतात. रुग्ण घरी आला की घरची मंडळी मायेनं तेल चोळायला बसतात आणि मिटत चाललेली बोटं ताणून ताणून सरळ करतात. माझं आजचं बोलणं मुख्यतः या बोटांबद्दल आहे.

इजा मानेत कुठे झाली, त्यावर हातात काय उरतं ते ठरतं. मानेतल्या पाचव्या मज्जातंतूपर्यंत काम चालू असेल तर हात कोपरात वाकतो. सहावा चालत असेल तर मनगट वर उचलता येतं. सातव्यानं कोपर सरळ करता येतं आणि बोटं मिटण्याचं बळ मुख्यतः आठव्याकडून येतं. म्हणजे सहाव्यापर्यंतच काम चालणाऱ्या माणसाची बोटं स्वतःहून मिटणार नाहीत. तरीही तो पोळीचा तुकडा उचलू शकतो.

कसा? तुम्ही ऐकता ऐकताच करून बघा. हात अगदी सैल सोडा. मनगट खाली लोंबू द्या, बोटं उघडतील. आता मनगट वर उचला. बोटं आपोआप मिटतात, अंगठा तर्जनीला येऊन टेकतो. बोटांच्या कंडरा मनगटावरून जातात, म्हणून मनगट उचललं की त्या ओढल्या जातात. आम्ही याला टेनोडेसिस पकड म्हणतो. कंडरा किंचित आखूड राहिल्या तरच ही पकड टिकते. मनगट आणि बोटं एकदमच सरळ ताणत राहिलात, तर कंडरा सैल पडतात आणि पकड गेली. म्हणून बोटं सरळ करायची तर मनगट खाली वाकवून, आणि मनगट वर करायचं तर बोटं मिटलेली ठेवून. खुर्चीवर सरकताना हाताचा टेकू घ्यायचा तोही बोटं मिटूनच. सांधे मात्र आखडू द्यायचे नाहीत. रोज हलवायचेच, पण या रीतीनं.

कोपराचं उलट आहे. ते वाकलेलं राहून आखडतं, म्हणून झोपताना हात सरळ ठेवा. खांद्याला धरून रुग्णाला ओढू नका. कातडीला संवेदना नसते, तेव्हा गरम पाण्याची पिशवी नको.

पकड कमी पडली तर तळव्याभोवती वेल्क्रोचा पट्टा बांधून त्यात चमचा खोचता येतो. अशा पट्ट्यानं जेवायला वेळ लागतो, सांडतंही. सांडू द्या. भरवणं सोपं, पण भरवलेल्या घासानं हाताला सराव मिळत नाही.

शस्त्रक्रियाही आहेत. चालणाऱ्या स्नायूची कंडरा न चालणाऱ्याच्या कंडरेला जोडतात. हे इजेनंतर कित्येक वर्षांनीही करता येतं. चालणारी नस न चालणाऱ्या स्नायूच्या नसेला जोडायची असेल तर मात्र उशीर परवडत नाही, पहिल्या काही महिन्यांतच चौकशी करा. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. लांब राहणाऱ्यांनी निदान जिल्हा रुग्णालयातल्या भौतिकोपचार विभागात जावं आणि जाताना, रोज तेल चोळणाऱ्या माणसालाही बरोबर न्यावं.