तिसरे वर्ष : पीक हाती येण्याचा काळ
(मौदा येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने शिक्षणाविषयी चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. परंतु सारी हयात प्राथमिक शाळेत गेल्यामुळे मुलांविषयी बोलण्याचा थोडासा अधिकार आम्ही मानतो. विषय मुद्दामच लहान घेतला आहे. मोंटेसोरी पद्धतीच्या प्राथमिक शाळेत सहा ते नऊ वर्षांच्या मुलांचा जो तीन वर्षांचा वर्ग असतो, त्यातील शेवटच्या वर्षाचा.

मोंटेसोरी म्हटले की आपल्यापुढे बालवाडीच उभी राहते. डॉ. मारिया मोंटेसोरी ह्या इटालियन विदुषीने १९०७ साली रोम शहरातील गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले, तेव्हा मुले लहानच होती. पुढे १९३९ साली त्या मद्रासेस आल्या. महायुद्धामुळे त्यांना येथेच राहावे लागले आणि कोडाईकनाल येथे निरनिराळ्या वयांच्या मुलांबरोबर काम करीत असता सहा वर्षांनंतरच्या शिक्षणाचा त्यांचा विचार परिपक्व झाला. म्हणजे ह्या वर्गाच्या घडणीत आपल्या देशाच्या भूमीचाही वाटा आहे.

महाराष्ट्रात हे तत्त्व खेड्यात नेले ते ताराबाई मोडक यांनी. विवाहानंतर काही वर्षे त्या आपल्या विदर्भात, अमरावतीस होत्या. १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले व अनुताई वाघ यांच्या साहाय्याने ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेले. महागड्या साहित्यावाचून, शिंपले, खडे, बिया आणि पाने घेऊनही मूल शिकते, हे त्या दोघींनी आदिवासी पाड्यांत सिद्ध केले.

आता तिसऱ्या वर्षाकडे वळू. ह्या वर्गात सहा, सात आणि आठ वर्षांची मुले एकत्र बसतात. पहिल्या वर्षी मूल पाहते, दुसऱ्या वर्षी करते आणि तिसऱ्या वर्षी ते केलेले त्याचे स्वतःचे होते. एक उदाहरण देतो. ४५३६ मणी तिघांत वाटावयाचे आहेत. हजाराचे चार ठोकळे. प्रत्येकास एक दिला, एक उरला. तो फोडता येत नाही, म्हणून त्याच्या बदली शंभराचे दहा चौकोन घ्यावयाचे. पूर्वीचे पाच मिळून पंधरा झाले, प्रत्येकास पाच. दहाच्या तीन काड्या, प्रत्येकास एक. सुटे सहा, प्रत्येकास दोन. उत्तर १५१२. आपण सर्वांनी हा भागाकार केला. परंतु वरचा आकडा खाली का घ्यावा, हे आपणांस कोणी हातात देऊन दाखविले होते काय? दोन वर्षे मणी हाताळलेले मूल तिसऱ्या वर्षी एके दिवशी आपण होऊन मणी बाजूस सारते आणि कागदावर मांडणी करते. तो दिवस अमुकच, असे कोणास ठरविता येत नाही.

दुसरी गोष्ट वडीलपणाची. तिसऱ्या वर्षीचे मूल वर्गातील थोरले भावंड होते. धाकट्याला समजावून सांगताना त्याचे स्वतःचे ज्ञान पक्के होते. आमच्यासारख्या ज्या शिक्षकांनी एकाच खोलीत दोन-तीन वर्ग सांभाळले, त्यांना हे नवे वाटणार नाही.

आणि नेमके ह्याच वर्षी आपल्यापैकी काही पालक मुलास शाळेतून काढतात! नागपुरास अशा शाळेत मूल घातलेले असते. पण शेजारचा मुलगा शिष्यवृत्ती परीक्षेच्या शिकवणीस जाऊ लागला की मन धास्तावते. वह्यांत गुण दिसत नाहीत, क्रमांक दिसत नाही. बंधूंनो, आपण धानाच्या मुलखातील माणसे. लोंबीत दूध भरत असता कोणी विळा घेऊन बांधीत उतरतो काय? दोन वर्षांची नांगरणी व रोवणी शाळेत करावयाची आणि पीक येण्याच्या वेळी शेत सोडावयाचे, हा व्यवहार शेतकऱ्यास शोभत नाही.

तथापि पालकांची चिंता खोटी नाही. पुढे मुलास सामान्य शाळेत जावयाचे असेल, तर ठरलेल्या वेळात लेखी उत्तर लिहिण्याची सवय त्याच वर्षी लावावी लागते. ती गुरुजनांना भेटून मागावी. शिवाय पाटीवर मोंटेसोरी लिहिले म्हणजे आत ती पद्धत असतेच असे नाही. तीन वयांची मुले एकत्र बसतात काय, साहित्य मुलांच्या हातात असते की कपाटात, शिक्षकाने त्या पद्धतीचे शिक्षण घेतले आहे काय, हे तीन प्रश्न विचारावेत. आणि फी आवाक्याबाहेर असेल, तर कर्ज काढून तेथे मूल घालावे असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुलालाही घरी बियांचे ढीग करून भागाकार दाखविता येतो, बाजाराचा हिशेब त्याच्याकडे सोपविता येतो आणि कन्हानच्या काठी नेऊन ते पाणी वैनगंगेस कसे मिळते हे सांगता येते.

शेवटी मंडळास एक विनंती. आपण दरवर्षी दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार करतो, तो अवश्य करावा. परंतु त्या खर्चातील थोडा भाग राखून मणी, काड्या व ठोकळे ह्यांचा एक संच समाजाच्या सभागृहात ठेवावा. रविवारी आठ-नऊ वर्षांच्या मुलांनी तेथे धाकट्यांना शिकवावे. देखरेखीस आम्ही सेवानिवृत्त शिक्षक येऊ. गुणांचा सत्कार दहावीत होतो, त्या गुणांचा पाया मात्र आठव्या-नवव्या वर्षी पडतो.